पंपाचा पट्टा आणि मामांची तपासणी

तीर्थस्वरूप मामी,

वाकून नमस्कार (कंबर अजून वाकते, यावरून माझी प्रकृती ओळखावी). तुमचा गुडघा आता काय म्हणतो? मामा सुखरूप पोहोचले असतीलच. त्यांना दोन दिवस उशीर का झाला, हे तुम्हाला क्रमाने समजावे म्हणून हा पत्रप्रपंच.

मामी, आमच्या लष्करी नागरी साहाय्य पथकाचे तत्त्व मोठे सुंदर आहे. लढाई थांबली म्हणजे शांतता आली असे नव्हे. नळाला पाणी आले, दवाखाना उघडला, दुकानांच्या फळ्या निघाल्या, की माणसे घरी परततात आणि मगच शांतता मूळ धरते. आमच्या पुस्तिकेत हे दोनशे बारा पानांत उलगडून सांगितले आहे. त्यासाठी लागणारे सामान कोठून आणावे, याला मात्र अर्धे पान दिले आहे (त्यातही निम्म्या जागेत आकृती).

त्या अर्ध्या पानाशी माझी गाठ पडली ती येथील प्रसूतिगृहाच्या पंपामुळे. त्याचा पट्टा तुटला आणि टाकीत पाणी चढेना. मी रीतसर मागणी पाठवली. भांडारातून उत्तर आले, की पंप नागरी आहे, सबब लष्करी यादीत त्याच्या पट्ट्याला शीर्षक नाही. (खालची सही कोणाची, हे तुम्हाला मी काय सांगावे? लग्नाला तीस वर्षे झाली तुमच्या.) दुसऱ्या मागणीवर सहा हजार पत्रके आली : ‘पाणी उकळून प्या.’ मुख्य परिचारिकेने एक पत्रक उलटसुलट करून पाहिले. “छान आहे हो साहेब, पण उकळायला ठेवू काय?” शुक्रवारपर्यंत पाणी आले नसते, तर अकरा बाळंतिणींना चाळीस किलोमीटरवर हलवावे लागले असते, तेही अशा रस्त्याने, की धडधाकट माणसाचीही हाडे खिळखिळी व्हावीत.

अशात बुधवारी भांडारप्रमुख, म्हणजे आपले मामा, स्वतः तपासणीला आले. मी त्यांना फळ्यासमोर बसवून तत्त्व समजावू लागलो. तीन रंगांचे खडू, सात आकृत्या. मामा दोनदा उठले, मी दोनदा बसवले.

“अरे, मुद्द्यावर ये!”

“मामा, अजून प्रस्तावनाच चालू आहे.”

दोन तासांनी बाहेर येऊन पाहतो, तर मामांच्या जीपच्या पंख्याचा पट्टा गायब! मामांनी तिथूनच भांडाराला फोन लावला. जीपच्या पट्ट्याला शीर्षक असल्यामुळे तो दोन दिवसांत हजर झाला. तोवर मामांचा मुक्काम प्रसूतिगृहाच्या पाहुण्यांच्या खोलीत होता. त्यांनी दोन्ही दिवस बादल्या भरभरून आंघोळ केली आणि अहवालात लिहिले, की येथील पाणीपुरवठा उत्तम असून पट्ट्याची मागणी अनाठायी होती.

बाळंतिणी जागच्या जागी आहेत. शुक्रवारी बारावीही दाखल झाली.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. : ते व्याख्यान एरवी वीस मिनिटांचे असते. पण जीपचे नटबोल्ट इतके गंजले होते, की आमच्या पंपवाल्या बाईंना पट्टा काढायला दोन तास लागले. मामांना म्हणावे, गाडीला जरा तेलपाणी करत जा.

ता. क. २ : आता शाळेचा पंप बंद पडला आहे. त्याला मोठा पट्टा लागतो. तेव्हा मामांना पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणीला धाडा, या वेळी ट्रकने. मी नव्या आकृत्या काढून ठेवतो.