वाणाची सही

सोमवार, १७ नोव्हेंबर
कुकर! मला चिन्ह मिळालं कुकर! मागितली होती शिट्टी, पण चिठ्ठी टाकली नि ती छबूबाईंकडं गेली. छबूबाई म्हणजे आत्ताच्या सरपंचांची, आप्पांची भावजय. सरपंचपद बाईला राखीव झालं तसं आप्पांनी घरातलीच बाई उभी केली. आमचे हे तोंड पाडून बसले. सासूबाई म्हणाल्या, "आगं, शिट्टी कुकरलाच असती की!" हसून हसून पुरेवाट झाली.

बुधवार, १९
अख्खी आळी फिरले. पायांचे तुकडे पडले, पण अंगात आलंय माझ्या! सांगणं एकच — ग्रामसभा चावडीसमोर भरवणार, सभेची वही मोठ्यानं वाचणार, मग सह्या. कुणाच्या घरात कुकर वाजला की सासूबाई ओरडतात, "ऐका, आपला प्रचार!" भिगवणला बाजाराला गेले तर मासळीवालीसुद्धा विचारते, "तुमीच का त्या कुकरवाल्या?" बाई गं! लाजले नि फुगले.

शुक्रवार, २१
छबूबाईंचं भाषण ऐकलं, लांबून. कागद हातात, पण नजर एकदाही खाली नाही. सगळं तोंडपाठ! मला तर दोन वाक्यांत घाम फुटतो. जळले जरा.

शनिवार, २२
माहिती अधिकारात मागितलेली ग्रामसभेच्या वहीची झेरॉक्स आली! सव्वीस जानेवारीची ग्रामसभा, हजर दोनशे बारा! अहो, त्या दिवशी झेंड्याला मी होते. जिलेबी खाऊन सगळे पांगले. सभा कसली नि काय! उड्याच मारल्या. उद्या चौकात एकेक नाव वाचणार.

मग एकशे त्रेचाळिसावी सही बघितली. माझी. खाली शेपटी काढलेली.

पुन्हा पुन्हा बघितली. मग आठवलं — त्याच आठवड्यात आप्पांच्या घरी हळदीकुंकू होतं. वाणाला स्टीलचा डबा. दारात ग्रामपंचायतीचा शिपाई लखन वही घेऊन. "वाण मिळाल्याची सही करा, वहिनी." मी तर रांगेत घुसून केली!

हे म्हणतात, "तेवढं पान काढून टाक. कुणाला कळतंय?" रडूच आलं.

रविवार, २३
वाचलं! सगळं वाचलं! एकशे त्रेचाळीससुद्धा वाचलं. "ही सही माझी. न वाचता केली. चुकले." संपलं आपलं, म्हटलं — तोच सासूबाई उठल्या. "माझा बी अंगठा हाय त्यात!" मग सारजाकाकू, "माझी बी सही!" मग अलीकडून, पलीकडून, माझी बी, माझी बी! बायका हसतायत, डोळे पुसतायत. कुणीतरी म्हणालं, डबे टाका आप्पांच्या दारात. सासूबाई कडाडल्या, "वाण परत देत न्हाईत! सही परत घ्यायची!"

छबूबाई मागं उभ्या होत्या. हसल्या नाहीत. हातातल्या कागदाची गुंडाळी करत राहिल्या.

मंगळवार, २ डिसेंबर
मतदान. दिवसभर आमच्या आळीत कुणी डाळच शिजवली नाही — कुकर वाजला तर आचारसंहितेचा भंग! वेड्या कुठल्या! मी पण भाकरी-चटणीच खाल्ली.

बुधवार, ३
हरले. अकरा मतांनी. सगळ्या बायका येऊन बसल्या. त्यांनाच चहा करून समजूत घालत होते.

सोमवार, ८
आज छबूबाई खुर्चीवर बसल्या. संध्याकाळी एकट्याच आमच्या दारात. काखेत ग्रामसभेची वही. माझ्यापुढं केली नि हळूच म्हणाल्या, "आधी वाचून दाव, मग अंगठा करते. मला वाचता येत न्हाय."