शुभेच्छुकांत पहिला फोटो तुमचा

ढाणकी,
मंगळवार

आदरणीय इंद्रजित भाऊजी यांना उकंडाचा सप्रेम जयभीम.

तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं नलूताईकडून कळलं, बरं वाटलं. काळा चष्मा लावून घरातच बसा. उन्हात, धुळीत आणि विशेषतः केळापूरच्या फाट्याकडे जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंच असेल. (सांगितलं नसेल तर मी सांगतो.) गुडघ्याला तेल लावता की नाही? मी फोनच केला असता, पण आम्ही भुवनेश्वरहून परतलो त्या दिवशी मैत्रेयीनं तुम्हाला पीएचडीचं सांगितलं, तुम्ही ‘मामानं पोरगी बिघडवली’ म्हणालात, आणि तेव्हापासून माझा फोन आला की कापता. पत्र कापता येत नाही. शिवाय डोळ्याला ताण नको म्हणून ते ताईच वाचून दाखवणार, म्हणजे अर्ध्यात फाडायचीही सोय नाही. ताई, सावकाश वाच. भाऊजी मधे बोलले तर बोलू दे, मग जिथे थांबलीस तिथून पुढे चालू कर.

पहिली गोष्ट ही की मी तुमच्या हुकमाबाहेर एक पाऊल टाकलेलं नाही. एसटीत कंडक्टर म्हणून उभा जन्म गेला, नियमाचा माणूस आहे. तुम्ही म्हणाला होता, “मामा सोबत असन तरच जाय, आन् उकंडा, पोरीच्या डोक्यात वारं शिरू देऊ नको, परत आली की पुसदचे पाहुणे तिले पाहाले येऊन राह्यले.” मी सोबत गेलो. वाऱ्याचं म्हणाल तर मी खिडकीकडे बसलो होतो, जे शिरलं ते माझ्या डोक्यात शिरलं.

आता ही यात्रा निघाली कशी ते तुम्हाला कुणी धड सांगितलेलं नाही. तुमची मुलगी यवतमाळला एमएस्सी करते आणि कापूस वेचून झाल्यावर उरणारी पऱ्हाटी कुजवणाऱ्या बुरशीचा अभ्यास करते, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. (शेतात जाळायच्या पऱ्हाटीचं खत होतं, हे ऐकून तुम्ही ‘बुरशी शिकायले यवतमाळ कायले पाह्यजे, आपल्या लोणच्याच्या बरणीत पाह्य’ म्हणालात, तेही तिच्या लक्षात आहे.) देशभरच्या शास्त्रज्ञांची भुवनेश्वरला परिषद होती. तिथे आपल्यासारख्या घरातली पोरं फारशी दिसत नाहीत, म्हणून एक संस्था अशा पोरांना जाण्यायेण्याचा खर्च देते. मैत्रेयीनं अर्ज केला आणि तो मंजूर झाला. मला ती व्यवस्था जरा लागलीच. मी विचारलं, “आपले लोक कमी दिसतात म्हणजे? आपण काय लपून राह्यलो का?” ती म्हणाली, “लपलो नाही मामा, तिथवर पोचलोच नाही.” मी म्हटलं, “मंग मी पण येतो, एक अजून वाढन.” माझं तिकीट मी काढलं, संस्थेवर भार टाकला नाही.

अनुदानाची अट एकच होती. आपल्या अभ्यासाचा पोस्टर तिथल्या फळीवर लावायचा, त्याच्याशेजारी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायचं. पोस्टर नाही तर अनुदान नाही. मैत्रेयी प्रयोगशाळेत अडकली होती, म्हणून पोस्टर छापून आणायचं काम तिनं विश्वासानं माझ्याकडे दिलं. (हा शब्द तिचाच. हल्ली ती तो वापरत नाही.) मी पेन ड्राइव्ह घेऊन आपल्या ढाणकीच्या लखीरामकडे गेलो. वाढदिवस असो, सत्कार असो, की कुणाच्या बैलानं शंकरपटात नंबर मारलेला असो, या भागातला फ्लेक्स लखीरामच्याच दुकानातून निघतो.

लखीरामनं पोस्टर कॉम्प्युटरवर उघडला आणि वरखाली फिरवून पाहिला. मग म्हणाला, “काका, पोरीचा फोटो कुठी आहे?” नव्हता. चौकटी, रेघा, इंग्रजी मजकूर आणि मधोमध बुरशीचा फोटो. खाली एका कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत आभार. ते मी चष्मा पुसून वाचले. त्यात पहिलं नाव तुमचं होतं भाऊजी, पऱ्हाटी कुजवायच्या खड्ड्यासाठी शेतातली जागा दिल्याबद्दल. (शिव्या देत दिली होती, ते तिनं लिहिलेलं नाही.) नंतर शेजारचा हिरासिंग, ज्यानं पऱ्हाटी दिली. नंतर लालीबाई, जिनं खड्ड्यावर पाणी मारलं. मग सर, मग संस्था. लखीराम म्हणाला, “नुसतं नाव टाकलं तं माणूस नाराज होते. माह्या दुकानातून बिनफोटोचा शुभेच्छुक आजवर गेला नाही.” भाऊजी, तुम्ही खरं सांगा, यात त्याचं काय चुकलं? मला पटलं. फोटो माझ्या मोबाइलवर त्याच दुपारी आले. ते कुठून आले हा विषय वेगळा.

तर तयार माल असा: वर मधोमध बाबासाहेब. उजवीकडे मैत्रेयी, तुमच्या घरच्या लग्नातल्या जांभळ्या साडीत, खाली ठळक अक्षरांत ‘भावी डॉक्टर’. (लखीराम सगळ्यांनाच भावी आमदार लिहितो, इथे त्यानं पुष्कळ संयम पाळला.) मधे बुरशी, तिच्याभोवती गुलाबाची महिरप. खाली शुभेच्छुकांची रांग: पहिले तुम्ही, मग हिरासिंग, लालीबाई, आणि जागा उरली म्हणून मी, गॉगल लावून. एवढं सगळं मूळ मापात मावेना, म्हणून फ्लेक्स दीडपट झाला. गुंडाळून, वर प्लास्टिक लावून मी तो जिवापाड सांभाळत नेला. नागपूरला गाडीत चढताना एका बाईनं त्याच्यावर पिशवी ठेवली तर मी तिच्याशी भांडलो. मैत्रेयी दोनदा म्हणाली की मामा, उघडून पाहू द्या. मी म्हटलं, चुरगळन.

तो उघडला भुवनेश्वरच्या हॉलमध्ये, अगदी ऐनवेळी. दोन्ही बाजूंना पोरं आपापले पांढरे, सभ्य पोस्टर लावत होती. मैत्रेयीनं फ्लेक्स सोडला, वरून खालपर्यंत पाहिला आणि खाली बसली. रडली नाही. मला म्हणाली, “मामा, हे काय केलं तुम्ही.” मी सांगायला गेलो की आभार आहेत, तर म्हणाली, “काही बोलू नका.” भाऊजी, कंडक्टरकीत लोकांचे बोल पुष्कळ खाल्ले, पण त्या पोरीचा तो हळू आवाज मला अजून ऐकू येतो. वाईट वाटलं. तिचे सर धावत आले. ते म्हणाले, वरचे फोटो आणि गुलाब राहू दे, निदान खालची रांग कापून टाक, पटकन. कुणीतरी कात्री आणली.

तिनं कात्री लावली. पण लखीरामनं वडीलमाणूस म्हणून तुमचा फोटो बाकीच्यांपेक्षा जरा वर चढवलेला होता. सरळ कापायचं म्हटलं तर कात्री बरोबर तुमच्या मानेवरून जात होती. ती थांबली. पुन्हा लावली, पुन्हा थांबली. मग कात्री सरांच्या हातात दिली आणि म्हणाली, “सर, मले नाही जमत. बाबा हायेत ते.” आणि पोस्टर आहे तसा लावला.

फळी लहान, फ्लेक्स मोठा. बुरशी डोळ्यांसमोर आली आणि शुभेच्छुक जमिनीला टेकले. आता बाकीच्या पोस्टरांसमोरून लोक चहाचा कप घेऊन निघून जात होते, आमच्यापुढे मात्र जो तो थांबे, हसे, आणि खाली कोण आहेत ते पाहायला वाके. एवढी शिकलेली माणसं एकामागून एक तुमच्यापुढे वाकलेली मी या डोळ्यांनी पाहिली. त्यांत पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापक बाई होत्या, अनुदान देणाऱ्या समितीवरच्या. त्यांनी विचारलं, “ये सब कौन हैं?” मैत्रेयी आधी खाली मान घालून सांगू लागली, मग मान वर करून. यांच्या शेतात खड्डा, यांची पऱ्हाटी, या बाईंनी उन्हाळाभर पाणी मारलं. (माझ्यावर बोट ठेवून काय म्हणाली ते इंग्रजीत होतं.) मग बुरशीवर अशी बोलली की बाईंनी चहा खाली ठेवला. त्या चहावर साय धरली तरी त्या प्रश्न विचारत होत्या. शेवटी म्हणाल्या, पीएचडीला इथे भुवनेश्वरला आमच्याकडे ये, जागा आहे. आणि तुमच्या फोटोकडे पाहून मला विचारलं, “पिताजी राजी हैं?”

मी नियमाचा माणूस, खोटं बोलत नाही. मी म्हटलं, “मॅडम, फोटो सबसे पहले उन्हीं का है.”

बाकी सर्व ठीक. मी या प्रकरणात कुणाच्या बाजूनं नाही. परतीच्या गाडीत तो फ्लेक्स तिनं मांडीवर धरून आणला, मला हात लावू दिला नाही, एवढंच कळवतो. ताईला आणि तुम्हाला पुन्हा जयभीम.

तुमचा धाकटा साळा,
उकंडा

ता. क. – मैत्रेयी यवतमाळलाच आहे. तुम्ही रागावला आहात असं समजून केळापूरला यायला धजत नाही. भुवनेश्वरला होकार कळवायची मुदत जवळ आली आहे आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय ती कळवणार नाही म्हणते. मी पुष्कळ सांगितलं की कळवून टाक, पण पोरगी तुमच्यावर गेली आहे. तेव्हा माझा फोन उचलू नका, तिचा उचला.

ता. क. २ – पुसदच्या पाहुण्यांना मी काही कळवलेलं नाही, मी मधे पडत नाही. फक्त लखीरामकडून त्याच फ्लेक्सची दुसरी प्रत काढून ती केळापूरच्या फाट्यावर लावली आहे. पाहुणे आले तर त्याच रस्त्यानं येतील. गावानं आठवडाभर पाहिला आहे आणि हिरासिंग सांगत होता की लोक तुमचं अभिनंदन करायला तुमचा डोळा बरा व्हायची वाट पाहून राहिले आहेत. उतरवायचा असेल तर शिडी लागेल, आणि डॉक्टरांनी तुम्हाला चढउतार सांगितलेला नाही.

ता. क. ३ – तो तुमचा हसतानाचा फोटो मला कुणी पाठवला, असं तुम्ही विचाराल. मी वचन दिलं आहे, नाव सांगणार नाही. पण हे पत्र वाचणाऱ्याचा आवाज आत्ता जरा अडखळला असेल, तर चष्मा काढून एकदा तिच्याकडे पाहा.