सहेरीची हाक

नजीरा,

मी शाळेवर शिकवायला निघाले. लेकराचा ताप उतरलाय, दुपारी औषध दे.

तू आणि अम्मी आज पहाटे सहेरी खायला उठलाच न्हाईत, उपाशीपोटीच रोजा धरलात. लेकरू अंगावर पितं म्हणून मला रोजा न्हाई, पण उठवायचं काम माझं. सकाळी शेजारच्या शालूबाईंना अम्मी माझ्याबद्दल म्हणाल्या, "पोरगी रातभर लेकराला घेऊन बसलीया, डोळा लागला असंल की." मी तिथंच माझा डबा भरत होते, सगळं ऐकलं.

हे अम्मींना वाचून दाखव. मला तोंडानं सांगवत न्हाई. माझा डोळा लागला नव्हता. गल्लीतनं सहेरीला उठवणाऱ्याची हाक गेली, तवा लेकरू कुशीत नुकतंच झोपलं होतं. उठले असते तर परत रडलं असतं. म्हणून जागी असूनही तशीच पडून राहिले.

तुझी भाभी,
लालबी