न धुता पाठव

ताइतुंग, २ नोव्हेंबर

ती. आईस,
कोझुएचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. फोन करणार होते, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला तू हो हो म्हणतेस. त्यापेक्षा पत्र बरं. इथून जलद टपालानं टाकलं की तीन दिवसांत तुझ्या हातात पडतं म्हणे.

आता खरं सांगते, ओरडू नकोस. कंपनीनं वीस वर्षांची साठलेली रजा सक्तीनं घ्यायला लावली, चांगली पाच आठवड्यांची. गरम पाण्याच्या कुंडांवर जाऊन नुसती पडून राहणार, असं तुला सांगितलं होतं. दोन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी बसून बसून कंटाळले, तेव्हा हॉटेलातल्या बाईंनी सांगितलं की गावाबाहेर सोडून दिलेल्या कुत्र्यांचा आश्रम आहे, तिथे पाहुण्यांनाही कामाला घेतात आणि राहायला खोलीही देतात. बघून यावं म्हणून गेले. फाटकातच एका म्हाताऱ्या बाईंनी नाव-गाव न विचारता माझ्या हातात फावडं दिलं. तेव्हापासून मी इथेच आहे.

त्यांना सगळे श्यू मावशी म्हणतात. पंच्याहत्तरीच्या असतील. त्यांच्या आईकडून शिकलेलं मोडकंतोडकं जपानी बोलतात, आणि माझ्या झाडण्याला सकाळ-संध्याकाळ नावं ठेवतात. चौसष्ट कुत्री आहेत. कुत्रं ज्या दिवशी आलं त्या दिवशी घरात जे खायला असेल तेच त्याचं नाव. त्यामुळे इथे एक भोपळा आहे, दोन शेवया आहेत आणि एक ह्वाशंग आहे, म्हणजे शेंगदाणा.

हा शेंगदाणा म्हातारा आहे, तपकिरी, एक कान दुमडलेला. त्याचा मालक एकटाच राहायचा, तो उन्हाळ्यात वारला. संध्याकाळी इथे कचरागाडी गाणं वाजवत येते आणि सगळे आपापल्या पिशव्या घेऊन रस्त्यावर येतात. मालक याला घेऊन यायचा. अजूनही ती धून लांबून ऐकू आली की हा उठतो, फाटकाशी जातो आणि गाडी निघून जाईपर्यंत उभा राहतो. मग परत येतो आणि भिंतीकडे तोंड करून निजतो. कुणाच्या हातचं खात नाही. सगळे गेल्यावर दोन घास खातो, तेवढंच.

तुझा गुडघा कसा आहे? इथे सीताफळं उत्तम मिळतात. तुला आवडली असती.

रागावलीस तरी उत्तर लिही.
तुझी,
कोझुए


मुराकामी, ७ नोव्हेंबर

चि. कोझुए हिस,
आईचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चष्म्याचाच नंबर बदलला. पाच आठवडे रजा मिळाली आणि माझी लेक कुत्र्यांची घाण काढायला समुद्रापार गेली! अगं, घाणच काढायची होती तर मागच्या दारी पन्हळ तुंबलीय, तीही दोन वर्षं. तुझ्या सेंदाईहून इथवर यायला चार तास पुरतात. शेजारच्या ओगाता काकू विचारत होत्या, लेक यंदा तरी येणार का. कामात असते, असं दर वेळी सांगते. आता काय सांगू? कुत्र्यांसाठी सवड काढलीय म्हणून?

इथे थंडी पडली. साल्मन मिठातून काढून वळचणीला टांगले. यंदा बाराच. बाबा होते तेव्हा चाळीस व्हायचे. पोट चिरताना गावच्या रितीप्रमाणे मधे चार बोटं अखंड ठेवायची, ते त्यांचं काम होतं. माझ्या हातून यंदाही दोघांची पोटं पार फाटली. ते दोन मी काकूंना देऊन टाकले. त्यांनी ते बघितलंच.

गुडघा आहे तसाच आहे. मात्र एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. मला कुत्रंबित्रं नको. तू अजून मागितलं नाहीस, पण मी तुला तू जन्मल्यापासून ओळखते. दुसरीत असताना दप्तरातून मांजर आणलंस, तेव्हाही आधी त्याचा दुमडलेला कानच सांगितला होतास. मी त्र्याहत्तर वर्षांची बाई. मला माझंच फिरवणं होत नाही.

पोटभर जेव. तिकडचं तिखट जपून.
राग आहे, आणि त्याखाली जे असायचं तेही आहे.
आई

ता. क. त्या शेंगदाण्याला मासे चालतात का? आपलं सहज.


ताइतुंग, ११ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मासे चालतात! तुझा ताजा कलम मी श्यू मावशींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, नको म्हणणाऱ्या बाईनं खाण्याचं विचारलं की अर्धं काम झालं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही. त्या म्हणाल्या, सगळ्या आया ओळखते.

म्हणून आता विचारतेच. आई, तू शेंगदाण्याला ठेवून घेशील? त्याला फिरवायला फार लागत नाही. फाटकापर्यंत आणि परत, एवढंच त्याचं जग आहे. तुमची दोघांची चाल जमेल.

लगेच येणार नाही तो. आपल्याकडचे नियम कडक आहेत. अंगातली चिप आणि इंजेक्शनं तो इथे आला तेव्हाच झाली होती, काल तपासणीला रक्त घेतलं. त्यानंतर एकशे ऐंशी दिवस थांबायचं, मगच विमान. म्हणजे मे महिना उजाडेल. श्यू मावशींना भीती वाटते ती त्याचीच. असाच खाणं सोडून बसला तर मेपर्यंत काढायचा नाही, असं डॉक्टरही म्हणाले.

यावर त्यांची एक रीत आहे. कुत्रं ज्या घरी जाणार त्या घरातल्या माणसाचा वापरलेला कपडा मागवतात आणि त्याच्या निजायच्या जागी ठेवतात. वासाची ओळख झाली की कुत्र्याला कुणाची तरी वाट बघता येते, असं त्यांचं म्हणणं. नुसतीच वाट बघण्यापेक्षा ते बरं. तेव्हा अंगावरचं काहीतरी पाठव. अ‍ॅप्रन, रुमाल, काहीही. फक्त न धुता पाठव. पुन्हा लिहिते, न धुता.

तुझ्या होकाराची वाट बघणारे इथे दोघे आहेत.
कोझुए


मुराकामी, १५ नोव्हेंबर

चि. कोझुए हिस,
अ. उ. आशीर्वाद वि. वि.

मी हो म्हटलेलं नाही. पण एक जीव अन्नावाचून बसलाय आणि एका अ‍ॅप्रननं त्याचं काम होत असेल, तर तेवढ्यापुरता अ‍ॅप्रन पाठवते. निळा आहे, स्वयंपाकघरातला, सहा वर्षं वापरलेला.

न धुता पाठव हे वाचलं होतं. विसरले नव्हते. पण टपालकचेरीतली ती नवी मुलगी परदेशचं पार्सल उघडून बघते. तिच्यापुढे मळका अ‍ॅप्रन काढायचा? शिवाय तिकडे श्यू बाई उघडणार. आपल्या इतागाकींच्या घरातून परक्या देशात पहिल्यांदा काही जायचं, आणि ते तेलकट? मला काही ते जमलं नाही. एकदाच धुतला, अगदी थोड्या साबणात. इस्त्री केली. चार घड्या घालून रेशमी रुमालात बांधलाय. वास असा कितीसा जातो एका धुण्यात?

श्यू बाईंसाठी चहाचा एक डबा ठेवलाय. रिकाम्या हातानं पार्सल पाठवू नये. आपल्याकडे इतक्या उत्तरेला चहा होतो यावर बाहेरचे लोक विश्वास ठेवत नाहीत, हे त्यांना सांग.

सर्दी सांभाळ.
जशी आहे तशी,
आई


ताइतुंग, १९ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आई गं! शेंगदाण्यानं तुझ्या अ‍ॅप्रनला नाक लावलं, तीनदा शिंकला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. अ‍ॅप्रनला साबणाचा आणि इस्त्रीचा वास, बाकी माणसाचा म्हणून काही नाही. श्यू मावशी हसून हसून ओल्या फरशीवर बसल्या. वीस वर्षांत सात जपानी घरांनी कपडे पाठवले, म्हणाल्या, आणि सातही धुतलेले. एकाला तर कांजी होती. चहा मात्र फार आवडला. रोज दोनदा घेतात आणि मला पुरवून प्या म्हणतात.

पण आता हसणं पुरे. शेंगदाण्याचं वजन पुन्हा उतरलं. माझं विमान सहा डिसेंबरचं. त्याआधी त्यानं कुणाच्या तरी हातचं खाल्लं तरच मला जाववेल.

ओगाता काकूंना काय सांगायचं, हे तू लिहिलंस ते मनात राहिलं. खरं ते तुलाच सांगते, काकूंना काहीही सांग. मला काम नव्हतं. मागच्या वर्षी नव्हतं, यंदाही नाही. बाबा गेले त्या वर्षी मी अठ्ठावीस डिसेंबरला येते म्हणाले होते. कचेरीत काम निघालं, आणि मी फोन केला तो शेवटची गाडी निघून गेल्यावर. बाबा थंडीत बसच्या थांब्यावर उभे राहून परत गेले. एकोणतीसच्या सकाळी ते गेले. मी तीसला पोचले. तेव्हापासून घराचं नाव काढलं की मला घर दिसत नाही, तो थांबा दिसतो. मी त्या थांब्यावर कशी उतरू, आई? तू मला कधी एका शब्दानं बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

इथे रोज संध्याकाळी कचरागाडीची धून वाजते आणि तो कुत्रा उठतो. मला बघवत नाही, आणि दुसरीकडे बघवतही नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
कोझुए


मुराकामी, २३ नोव्हेंबर

चि. कोझुए हिस,
आशीर्वाद.

सोबत पार्सल आहे. तू स्वतः उघड. घाईत उघडू नकोस, आणि आजूबाजूला कुणी नसताना उघड.

यात काहीही धुतलेलं नाही. दोन वर्षं धुतलेलं नाही.

बाकी पुढच्या पत्रात.
आई


ताइतुंग, २८ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बिस्किटांचा डबा बघून वाटलं, खाऊ पाठवलास. झाकण काढलं आणि तसंच परत लावलं. मग पुन्हा काढलं.

बाबांचा तपकिरी स्वेटर तू असा ठेवला होतास हे मला माहीत नव्हतं. तंबाखू, लाकडाचा भुसा आणि माशाचं मीठ. कोपराला तू घातलेलं ठिगळ. खिशात संत्र्याची वाळलेली साल होती. आई, मला शरम वाटते, पण सांगते. तो मी कुत्र्याला दिला नाही. दोन दिवस दिला नाही. एक जीव उपाशी होता, आणि मी खोलीचं दार लावून तोंड स्वेटरात घालून बसले होते. इतकी रडले की श्यू मावशी दाराबाहेर ताट ठेवून गेल्या आणि दोन दिवस माझे पिंजरे त्यांनीच धुतले. माझ्या झाडण्याला कुणी नावंही ठेवली नाहीत.

तिसऱ्या दिवशी स्वेटर अंगात घालूनच बाहेर आले. भाताचं पातेलं घेऊन शेंगदाण्याजवळ जमिनीवर बसले. त्यानं बाही हुंगली. मग कोपर, मग माझी मान, अगदी सावकाश. तेवढ्यात धून वाजली. तो उठला आणि फाटकाशी गेलाच. गाडी गेली. पण या वेळी तो भिंतीकडे गेला नाही, परत माझ्याकडे आला. स्वेटरच्या टोकावर बसला आणि माझ्या हातून खाल्लं. सगळं नाही. पाच घास.

आता तो त्या स्वेटरवरच निजू बघतो. पण आई, त्याच्याजवळ ठेवला तर मेपर्यंत त्याला बाबांचा वास उरायचा नाही. आणि परत पाठवला तर कुत्रा पुन्हा भिंतीकडे वळेल. तूच सांग, काय करू? तुझ्याकडचं शेवटचं तू दिलंस, आणि त्यातलं निम्मं मी दोन दिवसांत रडून संपवलं.

क्षमा कर, मग लोभ कर.
कोझुए


मुराकामी, २ डिसेंबर

चि. कोझुए हिस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

वेडाबाई, तो स्वेटर कुत्र्यासाठी पाठवला असं तुला कुणी सांगितलं?

बाबांच्या कार्याला तू पाहुण्यांना चहा देत होतीस, चपला जुळवून ठेवत होतीस. डोळ्याला बाही नाही, रुमाल नाही. तेव्हाच मला कळलं, हिचं आत अडकलंय. मी रोज सकाळी त्यांच्या तसबिरीपुढे भात ठेवते, चार शब्द बोलते, कधी भांडतेसुद्धा. माझं चाललंय. तुझ्याकडे काय होतं? म्हणून डबा पाठवला. संपवलास ते छान केलंस.

आणि तो थांबा. मी बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. तू मनात धरून बसलीयेस हे मला काय ठाऊक? तर ऐक. त्या दिवशी बाबा थांब्यावरून हसत आले. गाडीवाल्यानं त्यांना दोन संत्री दिली होती, एक तिथेच खाल्लं, दुसरं तुझ्यासाठी ठेवलं. पोरगी उद्या येते, म्हणाले, आणि दोन वाट्या भात जेवले. ते वाट बघून थकले नव्हते, कोझुए. त्यांना वाट बघायला आवडायचं. चाळीस वर्षं मला त्याचा वैताग होता.

आता कुत्र्याचं. त्याच्यासाठी वेगळं पार्सल आहे. बारा साल्मनना मीठ चोळताना मानेभोवती होता तो टॉवेल. धुतलेला नाही, झटकलेला नाही. टपालकचेरीतल्या मुलीनं नाकाला रुमाल लावला आणि मी तिच्याकडे ताठ मानेनं बघत उभी राहिले. संपला की दर महिन्याला एक पाठवीन, श्यू बाईंना तसं सांग. त्यांना मी वेगळं लिहिते आहे. सात घरांची थट्टा केली म्हणे. बघते त्यांच्याकडे. मे महिन्यात त्यांनी स्वतःच शेंगदाण्याला घेऊन यावं, जागा भरपूर आहे.

स्वेटर कुत्र्यापाशी ठेवू नकोस, टपालानंही पाठवू नकोस. घालून ये. मुक्या जनावराला या देशात यायला चिप लागते, रक्ताचा दाखला लागतो, एकशे ऐंशी दिवस लागतात. तुला यातलं काय लागतं?

सहा तारखेला तुझं विमान. सातला संध्याकाळच्या गाडीला मी थांब्यावर आहे, खिशात दोन संत्री घेऊन. तू नाही उतरलीस तर एक खाईन आणि आठला पुन्हा येईन.

तुझी आई