वाल्टरसाहेबाचा डावा पाय

औंढे,
ता. २ फेब्रुवारी १९४७

तीर्थस्वरूप भिमाजीभाऊ यांस,

धाकट्या महिपतीचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. तुमच्या भावजयीचा खोकला थांबला आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. मळवली इथून पायी दीड-दोन तासांवर, तरी सात वर्षांत तुम्हाला हे पहिलं पत्र. विलायतेहून पत्र आलं, तेव्हा कुठं मला लाज वाटली.

होय, विलायतेहून! वाल्टरसाहेबाचं. तुमच्या कानावर आलंच असेल, पण कानोकानी गोष्ट वाढते म्हणून मीच सांगतो. मी सांगितली तरी थोडी वाढेलच.

हा वाल्टर लढाईच्या दिवसांत लोणावळ्याच्या पलटणीत शिपाई होता, पण त्याचा मूळ धंदा फुटबॉलचा. समोरच्यांच्या जाळ्यात चेंडू मारायचा आणि त्याचा पगार घ्यायचा! त्याआधी पोरवयात कोळशाच्या खाणीत राबला होता. इथं खेळताना डावा घोटा मोडला. पलटणीच्या डॉक्टरनं हाड झकास जुळवलं, पण प्लास्टर काढल्यावर घोटा वळेना. पाय गेला तर पुन्हा खाण. पलटणीच्या साहेबांच्या बंगल्यावर खानसामा कोण, तर माझा मेहुणा हौशीराम. त्यानं टांग्यात घालून साहेबाला आपल्या हाडवैद्यांच्या अंगणात आणून उतरवलं.

"दाजी, हात लावा," हौशीराम म्हणाला.

"न्हाई. मी आता हाडाला हात लावत न्हाई." का, ते तुम्हाला ठाऊक आहे.

साहेबानं बूट काढला आणि पाय सरळ माझ्या मांडीवर ठेवला. मग हात काही माझं ऐकेना.

रोज तिळाचं कोमट तेल, आणि मग भाताच्या खाचरात चालणं. एक खाचर त्याच्यासाठी मोकळंच ठेवलं. गुडघाभर चिखलातून पाऊल उपटायचं म्हणजे घोट्याला वळावंच लागतं. गोरा साहेब खाचरात उतरला म्हणून सगळं गाव बांधावर! तुमच्या भावजयीनं त्याच्या हातात रोपांची जुडी दिली. "फुकट कशाला हिंडतोय? शेजारच्यात लाव म्हणावं!" त्यानं लावलेली ओळ वाकडीतिकडी, पण भात तिथंही पिकला.

अठराव्या दिवशी तो पळायला लागला. त्या रविवारी पलटणीची मॅच होती. हौशीरामकरवी त्यानं विचारलं, खेळू का? मला वाटलं, अख्खं लोणावळं बघेल, महिपतीनं पाय उभा केला म्हणेल! माझ्या तोंडात 'व्हय' आलं होतं. आणि मला तुमचा पाय आठवला.

भाऊ, आता लिहितोच. मोडल्या हाडाला बांधलेल्या बांबूच्या कामट्या एकवीस दिवस ठेवायच्या, ही आपल्या आबांची शिस्त. तुमचा पाय मोडला तेव्हा त्या मी पंधराव्या दिवशीच सोडल्या, कारण जत्रेत तुम्हाला चालवून मला मिरवायचं होतं. हाड सरकलं. लोकांनी विचारल्यावर मी म्हणालो, भाऊनंच सोडल्या. तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत. ज्या हाडवैद्याला स्वतःच्या कामट्या सांभाळता येत नाहीत त्याच्याकडे कोण जाणार, म्हणून लोक तुमच्याकडे यायचे थांबले, आणि तुम्ही मळवलीला बंगला राखायला गेलात. लंगडे झालात ते माझ्यामुळे, खोटे ठरलात तेही माझ्यामुळे.

हे सारं मी साहेबाला सांगितलं. परक्याला सांगणं सोपं असतं. त्यानं मॅच सोडली आणि आणखी महिनाभर चिखल तुडवला. जाताना म्हणाला, भावाला लिही.

आता ऐका! लढाई संपली, त्याच्या क्लबनं त्याला परत घेतलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तीस हजार माणसांपुढं दोन गोल, त्यातला दुसरा तिघांना चकवून डाव्या पायानं! वर्तमानपत्राचं कात्रण त्यानं धाडलंय. फोटोत साहेब हवेत आहे आणि तो घोटा सगळ्यांच्या वर. आपल्या औंढ्याच्या चिखलातला घोटा, भाऊ!

काल हौशीरामनं चावडीवर सगळं वाचून दाखवलं. साहेबांत राहून इंग्रजी चांगलं जमतंय त्याला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. नथू पाटील म्हणाला, "महिपती, तुझ्या हाताला तोड न्हाई."

मी खांद्यावरूनच ओरडलो, "हात भाऊचा हाये, त्यानंच शिकवलं! आन् कामट्या मी सोडल्या व्हत्या, भाऊनं न्हाई!"

लोकांनी मला खाली ठेवलं, जरा जोरातच. मग पाटील म्हणाला, "आरं, मग भिमाजीला आणाया गाडी कवा जुंपायची?"

गाडी येत्या रविवारी सकाळी तुमच्या दारात येईल. मी हाकत आणीन. बसायचं की नाही ते तुम्ही ठरवा, रिकामी परतली तरी माझी तक्रार नाही.

साहेबाच्या पत्रात गोलाच्याही आधी पहिली ओळ आहे, भावाला लिहिलंस का? हौशीराम उत्तर लिहायला बसलाय. 'लिहिलं' एवढं त्याला सांगितलंय. त्याच्यापुढं 'भाऊ आला' लिहायचं आहे. तेवढी जागा रविवारपर्यंत कोरी ठेवली आहे.

तुमचा पाय बिघडवणारा,
महिपती