उन्हाचं बिल

३ फेब्रुवारी. सकाळी.
गिरणीचं बिल आलं. ६,८४०. मागच्या महिन्यात ६,१००. दळण तेवढंच, मोटर तीच, माणूस तोच (मी). तरी सातशे चाळीस जास्त. बिल उभं वाचलं, आडवं वाचलं. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क. माझ्या पिठात इतके प्रकार निघाले असते तर आष्टीच्या बायकांनी मला भर चौकात उभा केला असता.

दुपारी.
कचरूच्या हॉटेलात पेपर वाचला. उलगडा झाला. वीज कंपन्यांनी दरवर्षी ठरावीक टक्के वीज सूर्याची आणि वाऱ्याची घ्यायचीच, अशी सरकारची सक्ती आहे. नाही घेतली तर दंड. घेतली तर नवे करार, नव्या लाइनी, नवे खांब. काहीही केलं तरी खर्च शेवटी दरात, म्हणजे ग्राहकाच्या बोडक्यावर. ऊन आष्टीचं, तापतात माझे पत्रे, आणि पैसेही मीच द्यायचे! बिलावर उन्हाची ओळ मात्र शोधून सापडत नाही. म्हणजे लपवली. आता गप्प बसणार नाही.

५ फेब्रुवारी.
‘आष्टी वीजग्राहक संघर्ष समिती’ स्थापन. अध्यक्ष मी. सचिव मी. कचरू खजिनदार, कारण बैठक त्याच्याच हॉटेलात. चहा सात. खजिनदाराने सातही चहाचे पैसे अध्यक्षाकडून घेतले. पहिल्याच दिवशी शिस्त दिसली, बरं वाटलं.
घरी सत्यशीलेला सांगितलं. ती म्हणाली, अहो, लोकायला सबसिडी मिळून राह्यली, तुम्ही बी प्लेटा बसवा अन् मोकळे व्हा. तिला अर्थशास्त्र समजावलं. ज्याच्याकडे पैसा तो सोलरच्या प्लेटा बसवून बिलातून सुटतो, आणि तारा-खांबांचा खर्च मागे राहिलेल्यांवर पडतो. ती म्हणाली, मंग मागं राहायचं कायला? बायकोला धोरण कळत नाही. विषय सोडला.

९ फेब्रुवारी.
बहिष्कार सुरू. गिरणी रोज फक्त सकाळी सात ते नऊ. युनिट कमी म्हणजे कंपनीला झटका. महिन्याभरात त्यांचे मोठे साहेब विनवणी करायला गिरणीच्या दारात येतील. आले तर बसायला खुर्ची द्यायची, चहा द्यायचा नाही.

रात्री.
नऊ वाजता दारात एकोणीस डबे पडून. घाईत बाजरीनंतर दगड साफ न करता गहू टाकला. उषाबाईच्या पिठात बाजरी उतरली. ती म्हणाली, पोरीला बघायला पाव्हणे आल्ते, पोळ्या काळ्याठिक्कर झाल्या, त्यायला काय सांगू? म्हटलं, आंदोलनात थोडी झळ सोसावी लागते. ती दोन्ही डबे उचलून स्टँडजवळच्या गिरणीत गेली. जनतेत जागृती नाही.

१४ फेब्रुवारी.
दरवाढीवर हरकती मागवल्याची नोटीस पेपरात. शपथपत्रासह सहा प्रती, त्यानंतर जाहीर सुनावणी. लिहायला बसलो तो उठलोच नाही. बावीस पानं. पहिलं प्रकरण ‘सूर्य : एक विचार’. विजेचा दर अठराव्या पानावर येतो. आधी भूमिका बांधावी लागते.

१७ फेब्रुवारी.
परतूरला जाऊन शपथपत्र केलं. टायपिंग, झेरॉक्स, स्टॅम्प, नोटरी, जेवण मिळून १,९६०. सातशे चाळीससाठी एवढा खर्च का, असं सत्यशीला म्हणाली. हा हिशोब नाही, हा लढा आहे. गिरणी आज बंद होती. उद्यापासून पुन्हा दोन तास. नक्की.

२१ फेब्रुवारी.
खजिनदार फितूर. कचरूने हॉटेलवर प्लेटा बसवल्या. वर तोंड करून म्हणतो, फ्रिज फुकटात चालून राह्यलाय, अध्यक्ष. त्याला खडसावलं. म्हटलं, तू सुटलास, तुझा भार माझ्यावर आला. तो म्हणाला, बराबर आहे, म्हणून तर सुटलो. असल्या माणसांमुळे देश मागे आहे. उद्या सगळं गाव सुटलं तर अख्ख्या राज्याचे खांब मी एकट्याने पोसायचे. तेही पोसेन, पण प्लेट बसवणार नाही.
चहा आता घरीच.

४ मार्च. संभाजीनगर.
सुनावणी. हॉलमध्ये एसी इतका गार की मफलर आणला नाही याचा पश्चात्ताप झाला. विजेचा दर ठरवणाऱ्यांना बिल कोण पाठवतं, हा मुद्दा ऐनवेळी सुचला. प्रत्येकाला तीन मिनिटं.
इथे एक खुलासा लिहून ठेवतो. गिरणीचं मीटर अण्णांच्या नावावर आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील रखमाजी, २००४ साली गेले. आष्टीतले निम्मे मीटर अशाच गेलेल्या माणसांच्या नावावर चालू आहेत, बिलं वेळेवर भरली जातात, कुणाचं काही अडत नाही. हरकत ग्राहकानेच घ्यायची असा नियम, म्हणून शपथपत्र अण्णांच्या नावाने केलं. सही मी केली. इतकी वर्षं मीच करतोय, आता ती त्यांच्यापेक्षा चांगली येते.
रखमाजी अशी हाक आली. ताठ उठलो. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी आधार मागितलं. म्हणाले, तुम्ही तर गोरक्षनाथ, मग रखमाजी कुठे आहेत? म्हटलं, वारले. कधी? २००४ ला. साहेबांनी शपथपत्रावरची तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं. हॉल हसला. तीन मिनिटं अण्णांच्या मृत्यूतच गेली, सूर्यावर बोलायचं राहिलं. पण कंपनीचा एक अधिकारी माझा ग्राहक क्रमांक आवर्जून लिहून घेत होता. म्हणजे मुद्दा पोहोचला.

१९ मार्च.
पोहोचला होता. कंपनीच्या ऑफिसचं पत्र. ग्राहक मयत असल्याचे आपण स्वतःच जाहीर केले आहे, तरी सर्व वारसांच्या संमतीने पंधरा दिवसांत नाव बदलून घ्यावे, अन्यथा पुरवठा खंडित करण्यात येईल.
वारस दोन. मी आणि केदारखेड्याची अक्का, गोजरबाई. अक्काशी सहा वर्षं बोलणं नाही. तिने गिरणीत हिस्सा मागितला होता. तेव्हा मी फार मुद्देसूद उत्तर दिलं होतं : गिरणी तुझी नाही, माझी नाही, अण्णांच्या नावावर आहे, तशीच राहू दे. ती काही बोलली नाही. त्यामुळे तिला ते पटलं, असं मी धरून चाललो.
योजना : ताठ जायचं. पाणीसुद्धा घ्यायचं नाही. सही घेऊन दुपारच्या गाडीने परत.

२३ मार्च. केदारखेडा.
पाणी प्यालो. ऊन फार होतं. चहा झाला. मग भाकरी-ठेचा झाला, कारण अक्काच्या हातचा ठेचा सहा वर्षांत खाल्ला नव्हता. मग कागद काढला. अक्काचा चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचून दाखवला. मयत रखमाजी यांचे वारस वगैरे.
अक्का म्हणाली, अण्णा गेल्याचं तुला आत्ता कळलं व्हय रे, गोरख?
मी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. ती म्हणाली, मी हिस्सा मागितला तवा तुझ्यासाठी अण्णा जित्ते होते. आता सही करते, पण मीटर अन् गिरणी माझ्या नावानं कर. चालव तूच.
विचार करतो म्हणालो. बोलणी एकंदरीत समाधानकारक. शेवटची गाडी मिळाली.

५ एप्रिल.
लाइनमन पप्पू खांबावर चढला आणि गिरणीची तार सोडून गेला. म्हणाला, काका, राग धरू नका, वरून ऑर्डर हाय. त्याला चहा पाजला, त्याचा काय दोष.
आजपासून कंपनीचं एकही युनिट वापरत नाही. बहिष्कार शंभर टक्के यशस्वी.

११ एप्रिल.
दराचा निकाल लागला. दर वाढले. पण निकालात छापून आलं आहे : श्री. रखमाजी, आष्टी, यांच्या हरकतीची नोंद घेण्यात आली. अण्णांचं नाव राज्याच्या कागदात! सत्यशीलेला दाखवलं. ती म्हणाली, घरात पीठ न्हाई. गिरणीवाल्याच्या घरात पीठ नाही. तिने डबा डोक्यावर घेतला आणि सगळ्या गल्लीदेखत स्टँडकडे चालू लागली. मी दार लावून घेतलं.

१६ एप्रिल.
मीटर आणि गिरणी अक्काच्या नावावर करायच्या सगळ्या कागदांवर सही करून दिली. फक्त कागदोपत्री आहे. चालवायची मलाच. पहिल्यांदाच स्वतःच्या नावाची सही केली, वळण जमेना.

९ मे.
अक्का आली. बरोबर सोलरवाला, आणि तार पुन्हा जोडायला पप्पू. तिने बचत गटातून पैसे उचलले आहेत. माझ्या पत्र्यांवर वीस प्लेटा चढल्या. मी विरोध नोंदवला. अक्का म्हणाली, शिडी धर. धरली.
दळणाचा दर तिने किलोमागे एक रुपयाने उतरवला. संध्याकाळपर्यंत तेवीस डबे. उषाबाईसुद्धा परत आली, माझ्याकडे न बघता डबा अक्काच्या पुढ्यात ठेवला. बाजरीनंतर दगड साफ करायचा, असं अक्काने मला दोनदा सांगितलं. तीस वर्षं गिरणी चालवणाऱ्या माणसाला!
पगार नऊ हजार. ती हिस्सा म्हणत नाही, पगार म्हणते.

६ जून. सायंकाळी.
बिल आलं. ३१२. ग्राहकाचे नाव : गोजरबाई. मी बाकीचं वाचायला हात पुढे केला, तर अक्काने कागद घडी करून कमरेच्या पिशवीत घातला. म्हणाली, तुला काय करायचं? वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. अण्णांनी पहिलं दळण माझ्या हाताने टाकून घेतलं होतं. इतक्या वर्षांत बिलावर माझं नाव कधी लागलंच नाही, आणि आता लागणारही नाही.
पण एक गोष्ट लिहून ठेवतो. सरकारने आता कितीही सक्ती करू दे, दर कितीही वाढू देत, मला त्याचा एका पैशाचा फरक पडत नाही.