नॉर्मल मॅडम

बुधवार, १४ तारीख

ती. ताईस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. भाऊजींना सांग, त्यांच्या गोळ्यांचं मला विचारू नका, मी गळ्याची डॉक्टर नाही, पेशींची चाकर आहे. आणि तुझ्या लेकाने 'मावशी सिग्नलवर काम करते' सांगितल्यापासून त्याच्या मित्रांना मी ट्रॅफिक पोलीस वाटते, हे ऐकून प्रयोगशाळेत सगळे पोट धरून हसले. मीही हसले.

परवा फोनवर विचारलंस, "आवाज असा का गं?" मी झोपेवर ढकललं. तुला पटलं नाही, कळलं मला. म्हणून लिहायला बसले.

थायरॉइडच्या पेशीच्या अंगावर एक बेल असते, असं समज. वरून हुकूम आला की ती वाजते आणि पेशी कामाला लागते; आमचा 'सिग्नल' तो हाच. काही रोग्यांच्या रक्तात भलतंच काहीतरी तयार होतं, ते बेल दाबूनच धरतं. ग्रंथीला थांबताच येत नाही. माणूस वाळतो, छाती धडधडते, हात कापतात. असं रक्त आम्ही बशीतल्या पेशींवर घालतो. बेल वाजली की पेशी उजळतात, यंत्र तो उजेड मोजतं. शेजारी निरोगी माणसाचं रक्त लावायचं, ते अंधारं राहिलं पाहिजे. आता निरोगी माणूस शोधायला कोण जाणार? जो हाताशी, तो निरोगी. इतकी वर्षं ती मी. पोरं मला 'नॉर्मल मॅडम' म्हणूनच चिडवतात.

गेल्या महिन्यात माझा नमुना उजळला.

आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, बशी बिघडली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. मग दोष कुणाचा? आमच्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी आहे, चिमणी म्हणतो तिला. चिवचिव फार, पण हाताला वळण आहे. बशा तीच लावते. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या कामात स्वच्छता नाही, नमुने एकमेकांत मिसळतेय. १९ तारखेला, सोमवारी, हिचं काय ते ठरवू." ठरवू म्हणजे काढू. ताई, मी गप्प बसले.

मग नर्सकडून गुपचूप ताजं रक्त काढून घेतलं, आणि हेडक्लार्कचंही. दोन्ही स्वतः लावली, कापऱ्या हातांनी. त्याचं काळंकुट्ट. माझं लख्ख! वजन उतरलं तेव्हा तुम्ही सगळ्या म्हणालात, "मजा आहे बाई तुझी." मीही खूश. जन्मभर जो रोग शिकवला, तो स्वतःच्या आरशात दिसेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आता उकडून जीव जातो, तरी गळ्याची सूज दिसू नये म्हणून स्कार्फ गुंडाळून फिरते.

तोंड उघडलं तर गेल्या वर्षाचे सगळे निकाल संशयात, कारण तुलना माझ्याशी होती आणि मी कधीपासून मिणमिणत होते कोण जाणे. सर निवृत्त होतायत, त्यांच्या खुर्चीसाठी माझं नाव आहे. नाही उघडलं तर पोरीचं वाटोळं. इकडे आड, तिकडे विहीर. रोज सरांच्या खोलीपर्यंत जाते, काचेतून ते दिसतात, आणि मी पाणी प्यायला आल्यासारखी वळते.

आज चिमणी आली, डोळे सुजवून. "मॅडम, माझ्याच हातून झालं असणार. तुमचं काम नासलं, माफ करा." रडून रडून तिने स्वतःलाच पटवलंय गं! आणि मी काय म्हणाले? "होतं असं." तिने माझे आभार मानले. शी! स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

दुखण्याला घाबरू नकोस, औषध आहे त्यावर, डॉक्टरकडे जाईन. ते अवघड नाही.

हे कुरियरने पाठवतेय, उद्या पोचेल. वाचून फोन करू नकोस, मी 'बरी आहे' म्हणून मोकळी होईन. तू ये. घरात कुणी कुरकुरलं तरी ये. सोमवारी सकाळी मला दंडाला धरून सरांच्या खोलीत ने आणि मी बोलेपर्यंत सोडू नकोस. वळायला लागले तर चारचौघांत ओरड. तुझ्याशिवाय मला ओरडणारं आता कुणी उरलेलं नाही.

अजून गप्पच असलेली,
तुझी धाकटी